चक्कीचा सा आणि जनरेटरचा मध्यम

काशीतल्या आमच्या मराठी गल्लीत सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे की शरदिनी आठल्ये कालचं पीठ खात नाही. म्हणूनच ती रोज सकाळी ओंजळभर गहू स्टीलच्या डब्यात घालून काशीनाथच्या आटाचक्कीवर जाते. आता कालचं पीठ का चालत नाही, यावर मात्र एकमत नाही. दूधवाला हनुवटी वर करून, डोळे अर्धे मिटून सांगतो, "अरे, कौनो बाबा बोले रहलन, बासी आटा खइबू त गला बइठ जाई." समोरच्या नंदाकाकू आवाज खाली आणतात, इतका खाली की दोन घरं सोडून ऐकू यावा, "अगं, एकटी बाई, नोकरी करणारी. वहम लागतात मनाला." आणि नरहरआजोबा, ज्यांना ऐकू कमी येतं आणि म्हणून ते सांगतात जास्त, ते म्हणतात, "सरकारी माणूस आहे ती! चक्कीवाल्यांची वजनं तपासते. गुप्तपणे!"

सगळं झूट. शरदिनीमावशी पोळी खातच नाही. तिला दोन्ही वेळेला भात लागतो. ते रोजचं ताजं पीठ आमच्या घरी येतं, आणि आमची आई त्याच्या पोळ्या करताना कुरकुरते की एवढ्याशा पिठात चाळणीलाच निम्मं चिकटतं.

मावशी चक्कीवर जाते ती सा लावायला.

खरंच. गहू हे फक्त तिकीट आहे. काशीनाथची चक्की सुरू झाली, पट्टा पळायला लागला, वरच्या नरसाळ्यातून दाणे नीट पडायला लागले की तिचा जो घुंऽऽऽ असा एकसारखा आवाज येतो, तो मावशीच्या गळ्याचा सा आहे. तिच्याकडे तंबोरा आहे, पण तंबोरा आपण थांबलो की थांबतो. चक्की थांबत नाही. मावशी पिठाच्या पोत्यावर बसते, डोळे मिटते आणि त्या घुंऽऽऽच्या पोटात शिरून गायला लागते. दळणाला आलेल्या बायका आधी हसायच्या. आता त्या सरकून जागा देतात.

काशीनाथ साव हा बनारसी माणूस, मराठी एक अक्षर येत नाही, पण मावशीला बघितलं की भुवया उडवून विचारतो, "का मौसी, आज का पिसाई? गेहूँ कि यमन?"

चक्कीची एक खोड आहे. दाणे जास्त पडले की तिच्यावर ओझं येतं आणि सूर उतरतो. दाणे संपत आले की ती हलकी होते आणि सूर चढतो. त्यामुळे दोघांनी हातांची भाषा ठरवून टाकलीय. मावशीने तळवा वर केला की सूर चढव, खाली केला की उतरव. काशीनाथ नरसाळ्याशी उभा राहून मूठमूठ दाणे सोडतो किंवा आवरतो. एकदा कुणा गिऱ्हाइकाने विचारलं, "भैया, हमारा गेहूँ इतना धीरे काहे?" तर काशीनाथ म्हणाला, "अभी मौसी निषाद पर हैं. उतर लें, तब तोहार."

हे सगळं मला ठाऊक आहे कारण मी समोरच राहते आणि माझ्या कानात जे जातं ते तोंडातून जसंच्या तसं बाहेर पडतं. मी मुक्ता. माझ्याबद्दल एवढं पुरे.

मावशीची नोकरी म्हणजे स्टेशनावर गाड्या पुकारणं. ‘यात्रीगण कृपया ध्यान दें’ म्हणणारी ती बाई म्हणजे आमची शरदिनीमावशी, हे कळल्यावर लोक तिच्याकडे असे बघतात जणू भिंतीतून माणूस बाहेर आला. आणि तिथेही हिचे उद्योग चालू. वेळेवर येणारी गाडी ती सा वर संपवते: "...प्लेटफार्म नंबर पाँच पर आ रही हैऽऽ." गाडी आली, पोचली, सामान उतरवा. पण उशिराची गाडी असली की शेवटचा शब्द नेऊन ठेवते तीव्र मध्यमावर: "...विलंब से चल रही हैऽऽ?" आणि तिथेच सोडते. प्रश्नचिन्ह तिचं नाही, पण ऐकणाऱ्याच्या पोटात तेच उमटतं. बाकावर आडवा झालेला माणूस उठून बसतो, मुलं रडायला लागतात. एका प्रवाशाने तक्रारच केली होती की मॅडमच्या आवाजाने घबराहट होते. साहेबाने बोलावून विचारलं तर मावशी म्हणाली, "सर, गाडी घरी पोचलेली नाही. मग मी सा वर कशी उतरू? खोटं पडेल."

तीव्र मध्यम म्हणजे काय, हे तिने मला जिन्यात बसून समजावलं होतं. खालचा सा हे एक घर, वरचा सा हे दुसरं घर. आणि दोघांच्या मधोमध, रस्त्यात, जिथून परत फिरावं की पुढे जावं ते कळत नाही, तिथे तीव्र मध्यम उभा. बाकी सूर कसे सा शी गोडीने वागतात. हा वागत नाही. हा ओढतो.

"पण मधोमध म्हणजे अगदी मधोमध नाही हं," मावशी म्हणाली. मग आवाज बारीक करून, जणू शेजारणीची भानगड सांगतेय, "दोन आहेत."

"दोन काय?"

"तीव्र मध्यम. दोन आहेत. एक निषादाच्या ओळखीने खाली येतो, तो जरासा खाली बसतो. यमनात तो. दुसरा कोमल रिषभाच्या खांद्यावर चढून येतो, तो किंचित वर. मारव्यात मी तो लावते. केसाएवढा फरक."

"आणि पेटीत?"

झालं. पेटी हा शब्द मावशीसमोर काढायचा नसतो. "पेटीत एकच पट्टी! दोघांच्या मध्ये! ना ह्याची ना त्याची. दोन सख्ख्या जावांना एकच लुगडं, अर्धं अर्धं नेसा!"

आता विष्णुकाका. विष्णुकाका आमच्या गणेशोत्सव मंडळाचे अध्यक्ष आणि मंडळाच्या पेटीचे वादक. दोन्ही पदं तहहयात. बोलण्याआधी ते दोनदा खाकरतात, ह्म्-ह्म्, आणि मग म्हणतात, "असं आहे बघा." त्यांचा नियम असा की उत्सवात कुणीही गायलं तरी साथीला पेटी हवीच. अथर्वशीर्षालासुद्धा त्यांनी एकदा पेटी धरली होती. मावशीचा नियम असा की पेटी असेल तर ती गाणार नाही. त्यामुळे जिचा आवाज अख्खं स्टेशन ऐकतं, तिला आपल्या माणसांत, आपल्या गणपतीपुढे, कुणी कधी गाताना ऐकलेलं नव्हतं. दरवर्षी ती मागची रांग धरून बसायची. प्रसादाचे द्रोण भरायची. कुणी विचारलं तर हसून म्हणायची, "माझी गाडी विलंब से चल रही है." हसायची खरी, पण शेवटचा सूर कुठे सोडायची ते मला ऐकू यायचं.

गेल्या वर्षी, शहाण्णव साली, ती सरळ मंडळाच्या सभेत उठून उभी राहिली.

"विष्णुभावजी, मला वीस मिनिटं हवीत. बिना पेटीची."

"ह्म्-ह्म्. असं आहे बघा शरदिनीताई, पेटी नसेल तर गाणाऱ्याला आधार कशाचा?"

"तंबोऱ्याचा."

"तंबोरा मागून धरतो. पेटी पुढून धरते."

"मला कुणी पुढूनही नको धरायला आणि मागूनही," मावशी म्हणाली, आणि बायकांच्या बाजूला जो खी-खी सुरू झाला तो नंदाकाकूंनी पदराने दाबला.

विष्णुकाका लाल झाले. मग अध्यक्षांच्या आवाजात म्हणाले, "ठीक आहे. एकदाच. सगळं नीट पार पडलं तर दरवर्षी तुमची वीस मिनिटं, मी स्वतः पत्रिकेत छापीन. पण सूर हलला, गोंधळ झाला, की मी पेटी उघडणार. आणि मग पुन्हा हा विषय काढायचा नाही. कबूल?"

"कबूल," मावशी म्हणाली. परतताना गल्लीत माझा दंड धरून चालत होती. बोटं गार पडली होती तिची.

तंबोऱ्यावर मला बसवायचं ठरलं. पण मावशीला खरी धास्ती वेगळीच होती. आमच्याकडे बत्ती संध्याकाळी जाते ती जातेच. गणपती असो की निवडणूक. बत्ती गेली की मंडळाचा जनरेटर लागणार, आणि जनरेटर घरघरणार त्याच्या स्वतःच्या सुरात. तंबोरा एक म्हणतोय, जनरेटर भलतंच. म्हणजे गोंधळ. म्हणजे पेटी.

म्हणून मावशीने एक अशी गोष्ट केली जी काशीत आजवर कुणी केली नसावी. ती जनरेटर निवडायला निघाली. सुरावर. सोबत काशीनाथ, कारण इंजिनाला त्याचाच हात लागतो आणि उत्सवात जनरेटर चालवायचं काम तोच करतो. आणि मी, तंबोरा घेऊन, सायकल रिक्षात. भाड्याने देणाऱ्याच्या अंगणात जनरेटर ओळीने उभे. काशीनाथ एकेकाची दोरी ओढायचा, तो फट्-फट्-फट् करत उठायचा, आणि मावशी डोळे मिटून तंबोऱ्याला कान लावायची.

"ये कोमल धैवत है. बंद करो."

फट्-फट्-फट्.

"ये तो कोई सुर ही नहीं. बंद करो, बंद करो."

दुकानदाराने माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "माताजी ठीक हैं न?"

मग कोपऱ्यातला एक, निळा, एका चाकाने लंगडा. काशीनाथने दोरी ओढली आणि तो घुंऽऽऽ करून उठला. साक्षात चक्की! मावशीच्या अंगावर काटा आलेला मला दिसला. ती ओरडलीच, "सा! काशीनाथ, सा है! यही लेंगे!" दुकानदार म्हणत होता की बहनजी, त्यापेक्षा मोठा घ्या, इतके बल्ब आणि पंखे हा ओढणार नाही. पण ऐकतंय कोण? सा मिळाला होता. मावशी आणि काशीनाथ त्या निळ्या लंगड्याभोवती अशा चेहऱ्याने उभे, जणू मुलगा पसंत पडलाय.

आता तुम्ही म्हणाल, यात चूक कुठे? मलाही तेव्हा दिसली नाही. पण ज्या दोघांना रोज सकाळी कळतं की रिकामी चक्की वरच्या सुरात बोलते आणि ओझं पडलं की खाली येते, त्याच दोघांनी जनरेटर वाजवून घेतला तो रिकामा. एक बल्बसुद्धा न जोडता.

उत्सवाची ती संध्याकाळ. राजा घाटाकडून आरती आटोपून आलेली मंडळी, चौकात सतरंज्या, मखरात गणपती, मखरावर लाल-पिवळ्या माळा. मावशी मोतिया रंगाच्या साडीत. विष्णुकाका पहिल्या रांगेत, शेजारी पेटी, पेटीवर रुमाल, रुमालावर हात. काशीनाथ मागच्या बोळात निळ्यापाशी. मावशीने यमन सुरू केला. वरवर घरगुती आवाज, साधा, पण त्या आवाजाला पिठाच्या पोत्यावर बसून मिळालेलं काहीतरी होतं. बायका टाळ्या वाजवायचं विसरून ऐकत होत्या. मावशी नि-रे-ग वरून तीव्र मध्यमाकडे निघाली, आणि बत्ती गेली.

अंधार. पोरांचा "हेऽऽऽ!" मावशी थांबली नाही. बोळातून फट्-फट्-फट्, आणि मग घुंऽऽऽ. सा! तंबोऱ्याशी एकजीव! अंधारातसुद्धा मला मावशीचे दात दिसले, एवढी ती हसली. विष्णुकाकांच्या दिशेने तिने मान अशी झुकवली की बघा, कसं केलं.

आणि मग काशीनाथने खटका खाली ओढला. सगळे बल्ब, माळा, लाउडस्पीकर, दोन उभे पंखे, सगळं एकदम त्या निळ्या लंगड्याच्या बोकांडी बसलं.

घुंऽऽऽऊऽऽऽओऽऽऽम्.

सूर घसरला. नि, ध, प, घसरतच गेला, आणि धापा टाकत येऊन थांबला तो कुठे? घरी नाही. रस्त्यात. तीव्र मध्यमावर! बल्ब भोपळ्याच्या फुलासारखे पिवळे. तंबोरा म्हणतोय पंचम, त्याला अगदी खेटून जनरेटर म्हणतोय मध्यम, आणि दोघांच्या घासाघाशीने दाताला कळ लागावी असा आवाज. नरहरआजोबांनीसुद्धा कानावर हात ठेवला. त्यांनी!

"ह्म्-ह्म्," पहिल्या रांगेतून आलं. रुमालाची घडी हलली.

मी घाबरून मावशीकडे बघितलं. ती डोळे मिटून जनरेटर ऐकत होती. मग माझ्याकडे झुकून पुटपुटली, "पहिली तार सोडून दे. पंचमाला हात लावू नकोस." मी फक्त सा च्या तारा छेडायला लागले. घासाघाशी निम्मी कमी झाली. मावशीने यमनचा तीव्र मध्यम लावून बघितला, आणि तो त्या घरघरीला लागून असा थरथरला, वँव-वँव-वँव, की मखरातल्या माळाही हलल्यासारख्या वाटल्या. जनरेटर तिच्या सुरापेक्षा किंचित वर होता.

आणि शरदिनीमावशी भर मंचावर फिस्सकन हसली.

"मंडळी," ती म्हणाली, "यमन म्हणणार होते. पण जनरेटर मारवा म्हणतोय. त्याचं ऐकू या."

लोक हसले. ती गायला लागली. मारव्यात पंचम नसतोच, त्यामुळे भांडणाची ती बाजू मिटली. राहिला दुसरा मध्यम, कोमल रिषभाच्या खांद्यावरून चढणारा. तिने तो लावला. अजून जरा वँव... वँव होतं. तिने गाता गाता उजवा तळवा बोळाच्या दिशेने हळूच वर केला. चक्कीवरचा हात! बोळातून काशीनाथचा आवाज, "चढ़ावत हईं, मौसी!" घरघर चढू लागली. बल्ब पिवळ्याचे पांढरे, पांढऱ्याचे डोळे दिपवणारे.

"बल्ब उडतील!" विष्णुकाका उठून बोळाकडे धावले. "काशीनाथ, कम करो!"

"हाथ मत लगाइए, चाचा! मौसी का मध्यम है!"

मावशीचा तळवा आडवा झाला. बस. तिथेच. आणि काय सांगू! वँव-वँव विरत विरत थांबलं. तंबोरा, जनरेटर आणि तिचा गळा असे एकमेकांत बसले की चौकातली हवाच ताणली गेली. कुणाला उठावंसं वाटेना, बसवेना. घर इतकं जवळ आणि पाऊल पडत नाही. मला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं आणि तंबोरा सोडता येत नव्हता.

एवढ्यात नरहरआजोबा. "अरे, तो तिसरा पंखा लावा रे! उकडतंय!" कुणीतरी भाबडेपणाने लावला. ओऽऽम्. सूर बसला. अख्खा चौक एका आवाजात ओरडला, "बंद करा!" पंखा बंद. सूर वर. मावशी त्याच सुरावर, हललीसुद्धा नाही. त्यानंतर चौकात एकाही माणसाने एकाही खटक्याला हात लावला नाही. नंदाकाकू तर तिसऱ्या पंख्याला पाठ लावून पहारा देत बसल्या.

आणि मग विष्णुकाकांकडून ते घडलं. ते बोळातून परत आले होते, घामाघूम. मला वाटतं त्यांना मोडता घालायचाच नव्हता, खरंच आधार द्यायचा होता. त्यांनी पेटीवरचा रुमाल काढला, भाता सोडला आणि अलगद, अगदी अलगद, पांढरी दोन दाबली. मंडळाच्या पेटीवर तीच मावशीच्या तीव्र मध्यमाची पट्टी.

वँव-वँव-वँव-वँव!

सगळ्या माना वळल्या. मावशीकडे नाही. विष्णुकाकांकडे. त्यांनी चटकन बोट उचललं. वँव थांबलं. त्यांना बहुतेक पटलं नाही, कारण त्यांनी पुन्हा दाबली. वँव-वँव! उचलली. शांत. त्यांनी पेटीकडे असं बघितलं, जसं घरातलं शहाणं मूल पाहुण्यांसमोर शिवी देतं तेव्हा आई बघते. मग भाता मिटला, रुमाल घातला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून ते ऐकू लागले.

बत्ती आली तेव्हा मावशी त्या मध्यमावरच होती. काशीनाथने जनरेटर बंद केला. घरघर गेली आणि जमीन पायाखालून काढल्यासारखं झालं. फक्त तंबोरा आणि ती. तिने मध्यम धरून ठेवला, धरून ठेवला, मग गंधार, मग कोमल रिषभ, आणि तिथेही थांबली, छळ नुसता, आणि मग सा.

"आऽऽह!" नरहरआजोबा म्हणाले. जणू त्यांना जिना चढून आल्यावर कुणी खुर्ची दिली.

विष्णुकाका टाळ्या ओसरेपर्यंत थांबले. मग उठले. ह्म्-ह्म्. "असं आहे बघा, शरदिनीताई." पेटीवरचा रुमाल नीट केला. "पत्रिकेत... पुढच्या वर्षी... काय छापायचं? साथीला तंबोरा, मुक्ता. आणि जनरेटर, काशीनाथ साव?"

"छापा," मावशी म्हणाली. "पण वीस नको, अर्धा तास करा. जनरेटरला गरम व्हायला वेळ लागतो."

घरी येताना ती गल्लीभर बोलत होती, हसत होती, दूधवाल्याच्या म्हशीलासुद्धा तिने मारव्याची तान ऐकवली. आणि मी, मूर्खासारखी, तिची ती तान तिच्याच मागे चालत जशीच्या तशी काढून दाखवली. मावशी वळली.

"नक्कल छान. पण तुला तो मध्यम कळलाय का?"

"त्यात काय?" मी म्हटलं. "सा पासून तीव्र मध्यम म्हणजे अर्धा रस्ता. तेवढंच अजून एकदा चाललं की वरचा सा. पेटीवर बघ, सहा पट्ट्या वर तीव्र मध्यम, अजून सहा पट्ट्या वर सा. दोन अर्धे, एक पूर्ण."

"पेटीवर पोचशील. गळ्याने नाही पोचायचीस."

"पोचेन."

"लाव पैज."

ठरलं. मी जिंकले तर मावशी स्टेशनच्या भोंग्यावरून एकदा माझं नाव पुकारणार. ती जिंकली तर पुढच्या गणपतीपर्यंत मी तिची नक्कल करायची नाही. "तोंडाने नाही," ती म्हणाली. "कागदावर हवी तेवढी कर. उलट करच. मंडळाच्या स्मरणिकेत माझ्याबद्दल खरंखुरं लिही, पीठ-बीठ सगळं. लोकांना कळू दे मी भात खाते."

रविवारी चक्कीवर परीक्षा. काशीनाथ पंच. त्याने चक्की लावली, घुंऽऽऽ, सा. मी निषादाला स्मरून यमनचा तीव्र मध्यम लावला. मावशीने मान हलवली, बरोबर. त्या सुरात तिने तंबोरा लावून माझ्या हाती दिला. चक्की बंद. आता तो मध्यमच माझा सा. त्याच्यापासून मी पुन्हा तसाच, अगदी त्याच वाटेने, तीव्र मध्यम लावला. इतका सुरेख लागला की मावशीसुद्धा म्हणाली, "वा." मी तो धरून ठेवला आणि काशीनाथला डोळ्यांनी खूण केली. लाव चक्की. तिचा सा आणि माझा सूर एकच निघणार होते.

चक्की फिरू लागली. खालून घूंऽऽ करत चढत आली, चढत आली, माझ्या सुराला भिडली. माझ्या चेहऱ्यावर हसू आलं. आणि ती थांबलीच नाही. मला मागे टाकून अजून केसभर वर गेली आणि तिथे स्थिर झाली. वँव. वँव. वँव. पोत्यावर बसलेल्या बायकासुद्धा तोंड वाकडं करून हसल्या.

"छूट गइलू, बिटिया," काशीनाथ म्हणाला. "तनिके से गाड़ी छूट गइल."

"दुसऱ्यांदा तोच खालचा लावलास," मावशी म्हणाली. "दोन खालचे मिळून घर पुरत नाही. एक खालचा, एक वरचा, तेव्हा पुरतं." आणि तिने पहिला यमनचा आणि त्यावर दुसरा मारव्याचा लावून दाखवला. चक्कीत विरघळून गेला तिचा आवाज, कुठे ती आणि कुठे चक्की ते कळेना. मग तिने पदर सावरला, हात तोंडासमोर भोंग्यासारखा धरला आणि पिठाच्या पोत्यावरून पुकारा केला,

"यात्रीगण कृपया ध्यान दें. मुक्ता कुमारी अपने निर्धारित सुर से थोड़े विलंब से चल रही हैंऽऽ."

शेवट अर्थातच तीव्र मध्यमावर. खालच्या की वरच्या, ते मी विचारलं नाही.

तेव्हापासून तोंड बंद आहे. परवा दूधवाला कासंडी खाली ठेवून म्हणाला, "ए बिटिया, तनी मौसी वाला सुनाव न." मी तोंड उघडलं. समोरच्या खिडकीत मावशी तांदूळ निवडत बसली होती, मान खाली. मी तोंड मिटलं आणि त्याला विष्णुकाकांचं खाकरणं ऐकवलं.